डॉट हळद

मोबाइल हळदीच्या पोत्याला टेकवून सरिता पदर सावरून बसली होती. पडद्यावर मुंबई-पुण्याची माणसं चौकटीचौकटीत बसून बोलत होती. इंटरनेटवरच्या पत्त्याला शेवटी डॉट कॉम, डॉट इन असं जे शेपूट लागतं, तशी नवी शेपटं कोणी मंजूर करायची, असा विषय होता. एका कंपनीला 'डॉट हळद' हवं होतं. ते मिळालं की त्या शेपटाखाली कोणी दुकान मांडायचं हे कंपनीच ठरवणार. पुण्यात नोकरीला असलेल्या प्रज्ञेशनं खटपट करून आईसाठी, म्हणजे कुरुंद्याच्या हळद बचत गटाच्या अध्यक्षांसाठी, या सभेत बोलायला पाच मिनिटं मिळवली होती. "लेकरानं शब्द टाकलाय, त्याची मान खाली जाऊ देनार न्हाई," हे सरितानं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

कंपनीचे साहेब बोलत होते, "सगळ्यांना विचारत बसलं तर काम कधी होणार? कोणीतरी जबाबदारी घ्यावीच लागते."

सरितानं नाक मुरडलं, माइक बंद करायला बटणावर बोट दाबलं आणि मागं पुड्या भरत बसलेल्या बायांकडं वळली.

"ऐकलं का? म्हनं इचारत बसलं तर!"

"पन इचारायचं तरी कोनाला?" द्वारकाबाई म्हणाल्या. "सरकारला देऊन टाका की हे खातं."

"सरकारला?" कोमल फिसकन हसली. "रेशनकार्डावर माझं वय सासूपेक्षा जास्ती लिवलंय त्याहीनं!"

सरिताची थोरली नणंद रुक्माबाई चाळणी हलवत म्हणाली, "ह्याच्यात वाद कायचा? नाव ठेवायचा हक्क आत्याचा."

"हळदीची आत्या कोन वं?" कोमलनं विचारलं.

"ती हुडका आधी. तवर बारसं करू नका."

बाया खिदळल्या. सरिता वैतागली. "वन्सं, हसन्यावारी नेऊ नका. ज्याची हळद, त्याला इचारल्याबिगर नाव द्यायचं न्हाई, असं मी ठनकावून सांगनार हाय."

रुक्माबाईची चाळणी थांबली. "असं व्हय? मंग पुड्यावर 'सरिता हळद' छापलं, तवा काहून न्हाई इचारलं? उकडली आमी, वाळवली आमी, दळून आनली आमी. अन् नाव तुहं!"

सरिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "अध्यक्ष हाव मी! छापखानेवाला दारात उभा व्हता. सगळ्याहीला इचारत बसले असते तर पुडी बाजारात कधी गेली असती? कोनीतरी जबाबदारी घ्यावीच लागती!"

पोत्याकडून आवाज आला, "ताई, अगदी हेच म्हणतोय मी मघापासून!"

हळदीनं माखलेलं बोट पडद्यानं जुमानलंच नव्हतं. सगळ्या चौकटी ओठ दाबून बसल्या होत्या. एका चौकटीत प्रज्ञेश कपाळाला हात लावून होता.

"ताई," सभेचे अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "तुमची पाच मिनिटं आता सुरू करायची, की झाली म्हणायची?"

घोकून घोकून पाठ केलेलं भाषण पार पुसलं गेलं होतं. पोत्याचं तोंड उघडं असतं तर सरिता आत जाऊन बसली असती. "माझं... चुकलंच जी ते," एवढंच कसंबसं निघालं.

तेवढ्यात रुक्माबाई तिला कोपरानं सरकवून मोबाइलपुढं आली. चौकटीत नुसतं नाक मावलं.

"ओ साहेब! आमची सरिता चुकली. पन ती हितं बसती. तिला आमी तोंडावर बोललो, तुमी बी ऐकलं. उद्या समद्या मिळून तिला खुर्चीवरून उतरवू. तुमी चुकल्यावर तुमाला कोन उतरवनार? कोनाच्या अंगनात येऊन भांडायचं आमी?"

"तक्रारीसाठी आमचा ई-मेल आहे ना, मावशी."

"त्याच्या म्होरं उभं राहून वरडता येतं का?"

सभेच्या अध्यक्षांनी मुद्दा लिहून घेतला. प्रज्ञेशचा निरोप आला, 'आत्यानं कमाल केली!' आईविषयी त्यात एक अक्षर नव्हतं.

सरिताचे डोळे भरून आले. "वन्सं, लाज राखली तुमी माझी."

"बंद झालं का ते? बराबर बघ."

सरितानं बोट पदराला स्वच्छ पुसलं, बटण दाबलं, दोनदा बघितलं. "झालं."

"मंग बस खाली. जिला जिला पुड्यावरचं नाव बदलायचंय, तिनं हात वर करा."

सगळे पिवळे हात वर गेले. सरिता मान खाली घालून बसली. जराशानं, कोणाकडंही न बघता, तिनं आपलाही हात वर केला.