वाणात दिलेली नोकरी

विरारच्या चंदनसार भागातल्या नवसंकल्प अपार्टमेंटमध्ये दारावर कोणाचं नाव असावं याबद्दल सोसायटीचा स्पष्ट नियम होता. ज्याच्या नावावर कर्ज, त्याच्या नावाची पाटी. त्यानुसार बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर एका पितळी पाटीवर ‘आत्माराम नाचणकर’ असं लिहिलेलं होतं. लाइटचं बिल त्याच्याच नावाने येई. गॅसचं कार्ड त्याचं. पाण्याच्या टँकरच्या वर्गणीची पावतीही त्याचीच, टँकरवाल्याशी भांडण मात्र दर वेळी त्याच्या बायकोने, आशालताने, करायचं. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, सगळ्याजणी तिला ‘नाव घे, नाव घे’ म्हणून आग्रह करत. तेव्हाही घ्यायचं ते त्याचंच.

याबद्दल तिची तक्रार नव्हती. मनात नोंद मात्र होती.

दोन हजार आठ सालच्या दिवाळीनंतर पेपरात घातलेला एक गुलाबी कागद घरात आला. ‘गृहिणींनो! घरबसल्या ऑनलाइन विक्री अधिकारी व्हा. अनुभव नको. भांडवल नको. माल नको.’

“माल नको म्हणजे?” आत्मारामने विचारलं.

“म्हणजे घरात खोकी साठवायला नकोत. कपाटावर तुमचे फिनेलचे डबे पडलेत ना अजून, तसं नाही.”

फिनेल हा आत्मारामच्या जोडधंद्याचा इतिहास होता. तो पेपरात डोकं घालून बसला.

मुलाखती स्टेशनजवळच्या एका मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होत्या. मुलाखत घ्यायला जितेंद्र सर होते. सरांनी टाय लावला होता, आणि विरारच्या उकाड्यात टाय लावणारा माणूस कंपनीचाच असणार, याबद्दल हॉलमधल्या कुठल्याही बाईला शंका राहिली नाही.

“शिक्षण, मॅडम?”

“बारावी. पण पुढे—”

“आम्ही शिक्षण बघत नाही.”

“वय तसं जरा—”

“वय तर बघतच नाही. बँकेत खातं आहे?”

“आहे ना. बचत गटासाठी काढलेलं. अध्यक्ष कोण व्हायचं यावरून गट फुटला. खातं राहिलं.”

“तुमच्या एकटीच्या नावावर?”

“एकटीच्या.”

जितेंद्र सर खुर्चीतून उठून उभे राहिले. “अभिनंदन. तुमची निवड झाली आहे.”

हॉलमधल्या सगळ्याच बायकांची निवड झाली. कोणालाही नापास न करणं हे कंपनीचं महिला धोरण असल्याचं सरांनी माइकवरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. खालून आलेला समोसाही मिळाला. आठवड्याने व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा हाती पडला. ‘सौ. आशालता नाचणकर, विभागीय विक्री संचालिका.’ त्याखाली ‘विभागीय कार्यालय’, आणि पुढे नवसंकल्प अपार्टमेंट, बी विंग, दुसरा मजला.

“सर, हा तर माझ्या घरचा पत्ता.”

“मॅडम, दुसऱ्या कंपन्या तुम्हाला ऑफिसला बोलावतात. आपली कंपनी ऑफिसच तुमच्याकडे पाठवते.”

आशालताने त्या रात्री ऑफिसात वरण-भाताचा कुकर लावला.

काम सोपं होतं. सायबर कॅफेत जायचं, भारनियमन नसेल त्या वेळात. कंपनीने दिलेले डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो विक्रीच्या वेबसाइटवर चढवायचे. विक्रेत्याच्या जागी आपलं नाव आणि पत्ता टाकायचा. गिऱ्हाईक आपल्या खात्यात पैसे भरतं. आपलं कमिशन ठेवून उरलेले काढायचे आणि सरांच्या हातात द्यायचे. कॅमेरा मग कंपनी पाठवते.

“कॅमेरे ठेवलेत कुठे?” तिने एकदा विचारलं होतं.

“गोडाऊनला.”

“बघायला मिळतील?”

“मॅडम,” सर दुखावल्या स्वरात म्हणाले, “माल बघून विकायचा जमाना गेला. आता विश्वासावर विकतात.”

ती ओशाळली. की-बोर्डवर एकेक अक्षर शोधत तिने स्वतःचं नाव टाइप केलं. पडद्यावर उमटलं, ‘विक्रेता : आशालता आत्माराम नाचणकर.’ ती बराच वेळ बघत बसली. अख्ख्या देशाला दिसेल अशा जागी तिचं नाव होतं, आणि ते घेण्यासाठी कोणाला उखाणा रचावा लागणार नव्हता. पहिलं कमिशन आलं तेव्हा तिने साडी घेतली नाही. टँकरची वर्गणी भरली आणि खजिनदाराला बजावलं, “पावतीवर माझं नाव टाका.” ती पावती तिने देवघरात, कुलदेवतेच्या फोटोमागे ठेवली.

मग सरांनी बढतीचा विषय काढला. ‘टीम लीडर’ व्हायचं तर हाताखाली बायका हव्यात. आशालताला प्रश्न पडला नाही. संक्रांत आलीच होती. वाण काय लुटावं याचा दर वर्षीचा घोळ असतो. प्लॅस्टिकचे डबे झाले, कंगवे झाले, साबणही झाले. या वर्षी तिने ठरवलं, आपण बायकांना नोकरी लुटायची.

हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला तिळगुळासोबत एकेक पाकीट मिळालं. आत कंपनीचा अर्ज आणि ‘विक्री अधिकारी’पदाचं छापील नेमणूकपत्र. खाली फक्त सही करायची आणि खाते क्रमांक भरायचा. इतर कंपन्यांना माणसं जमवायला सभा घ्याव्या लागतात, चहा पाजावा लागतो. इथे तो त्रास नव्हता. वाणाला नाही म्हणता येत नाही.

तळमजल्यावरच्या सालोमी टीचर मूळच्या वसईजवळच्या गिरीज गावच्या. त्या कुंकू लावत नसत, पण दर वर्षी यायच्या.

“मला पण अधिकारी केलंस, आशा?”

“वाण आहे टीचर, नाही म्हणायचं नाही.”

“नाही कशी म्हणू? नाताळात माझं ताट तू कधी परत केलंस?” त्यांनी पाकीट पर्समध्ये टाकलं.

समोरच्या फ्लॅटमधली उन्नती तर दारातच पाकीट फोडून वाचायला लागली. “पगार लिहिलेला नाही गं.”

“पगार नोकरांना. आपल्याला कमिशन.”

“अय्या,” उन्नती म्हणाली, आणि पाकीट पदराखाली गेलं.

पुढच्याच आठवड्यात बेल वाजली. दारात पिशवी घेतलेले एक गृहस्थ उभे. हातात छापील कागद.

“आशालता नाचणकर इथेच राहतात का?”

संसाराच्या इतक्या वर्षांत त्या दारात येऊन कोणी तिचं नाव विचारलं नव्हतं. तिचा चेहरा उजळला. “मीच. या ना, आत या.”

गृहस्थ जालन्याचे शिक्षक होते. शाळेची सहल होती, मुलांचे फोटो काढायला त्यांनी कॅमेरा मागवला होता. पैसे भरले, सहल झाली, कॅमेरा आला नाही. आशालताने पोहे केले. त्यांनी ते खाल्ले, दुसऱ्यांदा घेतले, आणि हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही फसवणाऱ्या वाटत नाही.”

“अहो, नाहीच मुळी!”

“पण विकणाऱ्याच्या जागी नाव तुमचंच आहे.”

तिने जितेंद्र सरांना फोन लावला. पहिल्या दिवशी सर म्हणाले, “गिऱ्हाईक घरी येतंय म्हणजे ब्रँड तयार होतोय.” दुसऱ्या दिवशीपासून सरांचा फोन सेवेत नव्हता. हॉलमध्ये जाऊन पाहिलं तर बारशाचा पाळणा सजवत होते. मिठाईवाला म्हणाला, “टायवाले ना? समोशांचं बिल बाकी आहे. तुम्ही त्यांच्याच ना?”

मग जळगाव आलं, सांगली आली. ज्यांना येता आलं नाही त्यांनी आपापल्या गावी तक्रार केली आणि ती तक्रार फिरत फिरत जवळच्या पोलीस चौकीत आली. हवालदार हरेश्वर शांत स्वभावाचे, इथल्याच गावचे.

“बसा वहिनी. पानी घ्या. आता सांगा, विकनारी कोन?”

“मी. पण माल कंपनीचा.”

“बघितला?”

“नाही.”

“कंपनी कुठंय?”

“ती... हॉलमध्ये होती.”

“हॉलात बारसं आहे. मी बघून आलो. पैसे कोनाच्या खात्यात?”

“माझ्या. पण मी पुढे देत होते! मी नोकरी करत होते हो.”

“पगार?”

“कमिशन.”

“मग नोकरी कशी? नोकराला पगार असतो. कमिशन खातो तो धंदेवाला.” तिने सोबत आणलेला कंपनीचा करार त्यांनी उलटा-सुलटा केला. “ह्यात पन लिहिलंय. ‘विक्रीस कंपनी जबाबदार नाही.’ खाली सही तुमचीच. मोत्यासारखं अक्षर आहे.”

“मला कंपनीविरुद्ध तक्रार द्यायची आहे,” आशालता म्हणाली.

“द्या की. तुमचा हक्क आहे.” हरेश्वरांनी कोरा कागद ओढला. “तक्रारदार, आशालता आत्माराम नाचणकर. आता ज्याच्याविरुद्ध, त्याचा पत्ता?”

तिच्याजवळ कंपनीचा छापील पत्ता एकच होता. तिने व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. हरेश्वरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि प्रामाणिकपणे उतरवून घेतलं. नवसंकल्प अपार्टमेंट, बी विंग, दुसरा मजला. जबाबदार अधिकारी, आशालता आत्माराम नाचणकर. चौकीच्या इतिहासात तक्रारदार आणि आरोपी एकाच रिक्षाने आल्याची ती पहिलीच वेळ.

“वहिनी, रागावू नका,” ते म्हणाले. “अख्ख्या कंपनीत खरा पत्ता दिलेला मानूस एकच. कायद्याला पत्ता लागतो. तो खोटा दिला असतात तर आज आम्ही तुम्हाला शोधत बसलो असतो, नि तुम्ही घरी.” मग त्यांनी आवाज उतरवला. “खाली टीम आहे का? नावं द्या. जबाबदारी वाटली जाईल. एकटीच्या डोक्यावर कशाला?”

आशालताच्या डोळ्यांपुढे पाकिटं आली. कोणी सही करून खाते क्रमांकही भरला असेल. अख्ख्या बी विंगची नावं तिला तोंडपाठ होती.

“टीम नाही,” ती म्हणाली. “मी एकटीच.”

त्या संध्याकाळपासून ती दारोदार फिरली. पाकीट परत द्या, म्हणाली. तेव्हा तिला कळलं की नोकरी देणं सोपं असतं, वाण परत घेणं अशक्य.

“दिलेलं वाण परत मागायचं? आमच्याकडे नाही हो तशी पद्धत,” एक म्हणाली.

“अगं, ही फसवणूक आहे. पोलीस—”

“तू कमवत होतीस तोवर नव्हती का फसवणूक?” उन्नती दारात हात आडवा धरून म्हणाली. “आता आम्ही सही करायला बसलो तर तुझ्या पोटात दुखायला लागलं.”

पोलीस, करार, तुरुंग, कशाकशाने कोणी हललं नाही. शेवटी आशालताने बाजारातून स्टीलच्या चहागाळण्या आणल्या आणि वाण बदलून देते म्हणाली. अर्ध्या तासात पाकिटं गोळा झाली. अधिकारीपदाचा बी विंगमधला भाव एक गाळणी असा निघाला. उन्नतीने सही केलेली असल्यामुळे दोन मागितल्या.

सालोमी टीचरना गाळणी नको होती. “तुझं पाकीट मी कपाटाच्या पायाखाली घातलं होतं गं, डुगडुगत होतं. घे. पण मला जाड पुठ्ठा आणून दे एखादा.” मग चप्पल घालत म्हणाल्या, “चल, मी येते चौकीवर. एकटी नको जाऊस.” पुढे खटला उभा राहिला, तेव्हा कोर्टाच्या प्रत्येक तारखेलाही त्या सोबत गेल्या.

आत्मारामने कपाटावरचे फिनेलचे डबे काढून टाकले आणि ती जागा तिच्या कोर्टाच्या कागदांना दिली. सोसायटीने मात्र तातडीची सभा घेतली. पोलीस, समन्सवाले आणि परगावची गिऱ्हाइकं भलत्याच बेला वाजवतात, सभासदांची झोपमोड होते, म्हणून नियमाला अपवाद करून ठराव झाला. ‘सौ. नाचणकर यांच्या नावाची स्वतंत्र पाटी दारावर लावण्यात यावी.’ एकमताने मंजूर. पाटी पितळी होती, आत्मारामच्या पाटीपेक्षा जरा मोठी, लांबून वाचता यावी म्हणून.

पुढच्या संक्रांतीला खटला चालूच होता. तरी आशालताने हळदीकुंकू केलं आणि सगळ्यांसमोर घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. बायकांनी हळहळ केली. टाय बघून कसं कळलं नाही, असं म्हणून झालं. माल न बघता कोणी विकतं का, असंही झालं. मग ती चहा टाकायला आत गेली, तर मागोमाग उन्नती आली. ओट्याला टेकून, नव्या गाळणीशी चाळा करत, अगदी हळू आवाजात म्हणाली, “जाऊ दे गं झालं ते. पण खरं सांग, महिन्याला सुटायचं किती?”

बाहेरची कुजबुज एकदम थांबली. सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

आशालताने काय सांगितलं ते इथे लिहिलेलं नाही. कमिशनचा आकडा या गोष्टीत कुठेच नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल. आलं होतं ना? मागे एकदा नजरही टाकलीत, राहून गेला की काय म्हणून?

अभिनंदन. तुमची निवड झाली आहे.