पाऊण शेराच्या आंगरख्याची हकीकत

श्रीमेघराजाचे चरणीं मस्तक ठेवून, कोरड्या जागीं बसून लिहिलें ऐसीजे. शके सोळाशें एकुणसत्तर, प्रभवनाम संवत्सर, आषाढ वद्य पंचमी ते दिवशीं एका राज्यांत, ज्याचें नांव कोणीं पुसूं नये, सुभानजी नाईक जासूद यांसी हुकूम जाहला कीं साठ कोसांवर घाटमाथां आपला गड आहे, तेथें पत्र पोंचवावें. कारण ऐसें कीं किल्लेदारांनीं गनिमास वचन दिल्हें होतें, अमावास्येचा सूर्य मावळेतों सरकारचें पत्र न आलें तर गड खाली करूं. आणि दरवाज्याचे चौकीस नाइकांचा धाकटा भाऊ हैबती, तो जातीचा हट्टी, जिता खाली उतरणार नव्हे, हें नाइकांस पुरतें ठाऊक. वाट सहा दिवसांची, हातीं दहा. मग नाइकांनीं विनंती केली, "माझें पावसांत डोकीवर घ्यावयाचें बांबूच्या कामट्यांचें इरलें आहे, त्याचीं पानें झडलीं, तेवढीं पळसाचीं नवीं बसवून द्यावीं, म्हणजे आतांच निघतों." तेव्हां राज्याचीं वस्त्रें ज्यांचे हवालीं ते जामदार गिरमाजीपंत हंसले आणि बोलिले, "सरकारचा जासूद पाला पांघरून जाणार? लोक म्हणतील, राज्यास कापड मिळेना!" आणि इरलें काढून घेऊन पिलखान्यांत टाकविलें, आणि तें हत्तीनें कामट्यांसुद्धां खाऊन ढेंकर दिल्ही.

मग पंतांनीं ठराव केला कीं लांबच्या वाटेस वस्त्र हलकें पाहिजे, पाऊण शेरावर गुंजभर नको. मग घोंगडी आणिली, ती तागडींत सव्वा शेर भरली, आणि पंत म्हणाले, थोडी कातरून पाहूं. नाईक बोलिले, "पंत, ही कोरडी सव्वा शेर. भिजली म्हणजे पांच शेर. तोलायची तर भिजवून तोला." पंत बोलिले, "ओली वस्तु तोलण्याचा रिवाज नाहीं." मग घोंगडी राहिली आणि मेणकापडाचा आंगरखा शिवविला, तो शेरभर जाहला, मग बाह्या कापिल्या, तरी पारडें उठेना, मग गुडघ्याखालचा घेर कापिला, तेव्हां तागडी जुळली, आणि वरून झारीनें पाणी ओतिलें तों थेंब आंत न गेला. ऐसे दोन दिवस गेले. नाईक उठून पायतण घालूं लागले, तों पंत म्हणाले, "बसा हो! शिक्क्याविना वस्त्र जामदारखान्याचा उंबरा ओलांडीत नाहीं." मग पाठीवर वीतभर शिक्का जरतारीनें भरावयास घेतला, त्यास आणिक दोन दिवस लागले, सुईचे नऊशें टोंचे पडले, आणि जरीनें वजन वाढलें म्हणून आंगरख्यास जोडलेलें टोपडें कापून टाकिलें. नाइकांचें डोकें तापलें.

"पंत, टोपडें गेलें आणि डोकें राहिलें!"

"डोक्यास पागोटें आहे कीं."

"आणि पाठीचीं हीं भोंकें?"

"भोंकें नव्हेत, राजचिन्ह आहे."

"पाऊस चिन्ह ओळखील काय?"

"ओळखील. राज्यांतलाच पाऊस आहे, परमुलखींचा नव्हे. उतावळे होऊं नका नाईक, पर्जन्य काय पळून जातो?"

"पर्जन्य नाहीं पळत, गड पळतो!" ऐसें बोलून नाईक नवमीस निघाले ते दांत खातच निघाले. पहिल्या कोसासच आभाळ फाटलें, आणि पाऊस कोठून शिरावा याचा विचार न करितां नेमका शिक्क्यांतून शिरला, आणि पाठीवर राजमुद्रा थंडगार उमटली, आणि पागोटें भिजून दगड जाहलें. दुसरे दिवशीं घाटाच्या पायथ्याशीं ताप भरून पाय उचलेना, तेव्हां धनगरवाड्यांत ठकी म्हातारीच्या चुलीपाशीं बसले. म्हातारीनें आंगरखा उजेडास धरिला आणि म्हणाली, "लेकरा, ही पाठीला चाळण कुणी शिवली रं?"

"आजी, सरकारचा शिक्का आहे. चार दिवस तोलून तोलून केलाय."

"तोलला व्हय? मग घाटात न्हेऊन का न्हाई तोलला? पान पानी पीत न्हाई, म्हून पानाचं वजन वाढत न्हाई, येवढं माज्या शेळीलाबी कळतंय." आणि आपलें इरलें नाइकांच्या डोकीवर घातलें, पेज पाजिली, आणि आंगरखा गाभण शेळीच्या पाठीवर बांधिला, कीं शेळी घाट चढत नाहीं, तिला पुरे.

मग नाईक त्या इरल्याखालीं, पत्राची बांबूची नळी पोटाशीं धरून, तापांतच चालिले, आणि अमावास्येस सूर्य मावळायास दोन घटका असतां चोरवाटेनें गडावर पोंचले. किल्लेदार गांठोडीं बांधून बसले होते, आणि हैबती दरवाज्यांत उघडी तरवार मांडीवर घेऊन एकटाच आडवा बसला होता. पत्र कोरडें निघालें, किल्लेदारांनीं वाचलें, गांठोडीं सुटलीं. हैबती बोलिला, "दादा, चार दिस कुठं होतास?"

नाईक बोलिले, "तागडींत."

पुढें शिक्क्याचें वस्त्र परत आलें नाहीं म्हणून पंत स्वतां भर पावसांत धनगरवाड्यास गेले, तों शेळी राजमुद्रा पांघरून उभी. शिक्का दिसतां तीन मुजरे करावे हा रिवाज पंतांनींच घातलेला, त्यास इलाज नाहीं; पंत चिखलांत वांकून वांकून तीन मुजरे करिते जाहले आणि शेळी रवंथ करिती जाहली. मग पंत काकडून बोलिले, "म्हातारे, एखादें इरलें दे."

ठकी म्हणाली, "देते की. पर आधी तोलू का?"

येणेंप्रमाणें गड राहिला, हैबती जगला. शेळीस दोन करडें जाहलीं. पंतांस पडसें जाहलें, तें अद्याप आहे. जैसें घडलें तैसें लिहिलें. थोडें अधिक असेल तें पावसानें वाढलें. लेखनसीमा.