रजा मंजूर

युरोपला जायचं ठरलं आणि ट्रॅव्हलवाल्याने पहिलंच फर्मान काढलं, ‘व्हिसासाठी ऑफिसचं रजेचं पत्र आणा.’

“अहो, मिळेल ना पंधरा दिवस?” बायकोने विचारलं.

मी नुसता हसलो. आमचा आवक-जावक विभाग एकवीस वर्षं माझ्या खांद्यावर उभा आहे. (खांदा उतरता आहे, ती गोष्ट वेगळी.) साहेब गयावया करतील, मी ताणून धरीन, शेवटी दहा दिवसांवर तडजोड होईल, असा माझा अंदाज.

साहेबांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. ‘मंजूर’ लिहून सही ठोकली.

“साहेब, पंधरा दिवस आहेत.”

“महिनाभर जा की!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि टपालाचं रजिस्टर कोण लिहिणार?”

“लिहील कुणीतरी.”

कुणीतरी! एकवीस वर्षं बोटं काळी केली ती काय या कुणीतरीसाठी? मी टेबलावर मूठ आपटली. (हळूच. पण साहेबांचा चहा सांडायचा तो सांडलाच.)

“साहेब, माझ्याशिवाय हा विभाग दोन दिवसांत कोलमडेल!”

“मग नका जाऊ,” साहेबांनी ओल्या अर्जावर ‘मंजूर’च्या आधी ‘ना’ जोडला.

घरी आल्यावर मी ताठ मानेने सांगितलं, “रजा मिळत नाही. माझ्यावाचून ऑफिसचं अडतं.”

“असं साहेब म्हणाले?”

“म्हणजे... मी म्हणालो.”

यानंतर बायको जे बोलली ते शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून ऐकलं. “वीस वर्षांत एक प्रवास मागितला, तोही तुम्ही स्वतःच्या तोंडाने घालवलात!” मग तिने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. “ताई, पासपोर्ट शोध. यांच्या जागी तू चल.”

आणि त्या दोघी खरोखर गेल्या. मी दात-ओठ खात रोज सर्वांच्या आधी ऑफिसात हजर. टपाल फारसं नव्हतं, म्हणून होतं तेच दोनदा तपासलं. माझ्यावाचून कसं अडतं, ते दिसायलाच हवं होतं!

दुसऱ्या सोमवारी शिपाई माझ्या टेबलापाशी थबकला. त्याचा चेहरा उजळला.

“अरे वा, आलात होय? कसं काय होतं युरोप?”

मागचा अख्खा आठवडा याच माणसाने मला दिवसातून दोनदा चहा आणून दिला होता.