मोटारीची जमीन

केशरबाईंचा उजवा पाय मोटारीच्या तळातून आरपार खालच्या धुळीत गेला, तेव्हा मोटार अजून जागची हललीही नव्हती.

त्या नुसत्या आत चढल्या होत्या, उद्यासाठी बसून बघायला. दुसऱ्या दिवशी लिंबागणेशला भावाच्या मुलीचं लग्न होतं. मागच्या खेपेला त्या बैलगाडीतून माहेरी गेल्या, तेव्हा भावजय मुक्ताबाई चारचौघींत म्हणाली होती, "वन्सं, तुमची मोटार नुसती ऐकायचीच हाय का दिसती बी?" तो शब्द केशरबाईंनी आठ महिने निखाऱ्यासारखा फुंकून फुंकून जपला होता. येईन तर मोटारीतूनच, नाहीतर येणारच नाही, असा निरोपही त्यांनी धाडला होता. आणि आता गुडघ्यापर्यंतचा पाय मोटारीखाली लोंबत होता.

"अवो! या हिकडं!"

बबनराव धोतराचा सोगा सावरत वाड्यातून धावत आले. मोटार गोठ्याशेजारच्या छपरात असे. त्यांनी आत पाहिलं, खाली वाकून पाहिलं, आणि विचारलं, "आगं, पाय कावून घातलास तितं?"

"हौस आली म्हनून! काढा आदी!"

पाय निघाला. लुगड्याचा काठ मात्र पत्र्याला अडकून टर्रकन फाटला. केशरबाईंचा पारा चढला तो तिथून. कुणाची तरी कसूर असल्याशिवाय पत्रा असा पापडासारखा मोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रश्न एवढाच, कुणाची?

मोटार चालवणारा आश्रुबा म्हणाला, "बाईसाब, धुळाजीच्या शेळ्या मोटारीखाली बसत्यात. त्यांच्या मुतानं झालं."

गुराखी धुळाजी म्हणाला, "माज्या शेळ्या कालपरवाच्या हायत. हाच घागरी घागरी पानी वतून रोज मोटार धुतोय, म्हशीवानी!"

"ती काय डुंबाया मागती का रे?" केशरबाई आश्रुबावर कडाडल्या, मग धुळाजीवर, मग दोघांना आवरत नाहीत म्हणून बबनरावांवर. बबनराव मालक असूनही गव्हाणीकडे बघत उभे राहिले.

शेवटी तात्याबा लोहाराला बोलावलं. म्हातारा मोटारीत शिरला आणि त्यानं हातोडीनं हलकेच ठोकून पाहिलं. भोक आणखी वीतभर वाढलं. त्यातून भाकरीएवढी जाड एक खपली निघाली. तात्याबानं ती नाकाशी नेली.

"मालक, ह्यो पत्रा न्हाई. ह्ये शेन हाय."

सारवणाचं काम करणारी बायडाबाई केशरबाईंकडे बघायला लागली आणि लगेच पदराशी चाळा करू लागली.

सहा वर्षांपूर्वी औरंगाबादच्या एका वकिलाकडून मोटार आली, त्याच दिवशी केशरबाईंनी तिच्यातलं काळं रबर उपटून उकिरड्यावर टाकलं होतं. जिथं माणूस बसतं उठतं ती जमीन, आणि जमीन म्हटली की ती सारवलेलीच असली पाहिजे, नाहीतर लक्ष्मी पाऊल टाकायची नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी बायडाबाई मोटार सारवी, केशरबाई डोक्यावर उभ्या राहून कोपरे दाखवीत आणि वर रांगोळीची दोन पावलं काढीत. पंचक्रोशीत अशी मोटार दुसरी नव्हती.

"ओल खाली मुरत गेली," तात्याबा म्हणाला. "पत्रा तर कवाच गेलाय, बाईसाब. दोन वर्सं झाली, तुमी सारवनावर बसून फिरताय."

"शेनानं आमच्या भिती उभ्या हायत, तात्याबा! लोखंडच नासकं असंल!"

"इंग्रजाचं लोखंड हाय."

"मग त्येचंच नासकं असंल!"

दुरुस्तीला पत्रा हवा होता. तो बीडहून आणायचा तर जाऊन येऊन दोन दिवस. केशरबाई छपराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या दिस उगवाया मोटार निगाली पायजे. कशानं बी करा. न्हाईतर मला कुनी तोंड दावू नका!" आणि आत जाऊन त्यांनी खोलीचं दार असं आपटलं, की ओसरीवरची कोंबडी उडून आडावर बसली.

पहाटे अंधारातच मोटार तयार होती. केशरबाईंनी पाय आपटून पाहिला. तळ ठणठणीत! त्या कुणाशी काही न बोलता शालू सावरून बसल्या. मोटारीतली सतरंजी आणि आहेराचं सामान घेऊन घरकामाची सारजाबाई बैलगाडीनं कालच पुढे गेली होती.

केज मागे पडलं. ऊन वर आलं, आणि पायाखाली काहीतरी झळाळायला लागलं. केशरबाईंनी निऱ्या बाजूला केल्या. पितळ होतं. पितळेवर दोन मोर, आणि मोरांच्या मध्ये ठिपक्याठिपक्यांनी घातलेली अक्षरं. वडिलांनी चार बुकं शिकवली होती, त्याचा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

'चि. सौ. केशरबाई यांस मुक्ताबाईकडून सप्रेम भेट.'

"थांबीव मोटार!"

आश्रुबानं करकचून थांबवली.

"माजी परात, अवो? वैनीनं दिल्याली परात?"

"पत्रा गावात व्हता कुटं?" बबनराव पुटपुटले. "तू तर ती एक डाव बी वापरली न्हाईस. आन् तूच म्हनलीस, कशानं बी करा."

"आन् नाव वर कावून?"

"तात्याबानं मुद्दाम ठिवलं," आश्रुबा मान न वळवता म्हणाला. "म्हनला, एवडी नक्षी खाली घालून धुळीत कशाला? बाईसाब खूश व्हतील."

केशरबाईंच्या डोळ्यांपुढे लिंबागणेशचं दार उभं राहिलं. मुक्ताबाई भाकरतुकडा ओवाळायला मोटारीशी येणार, आत बघणार, आणि नणदेनं आपलं नाव पायाखाली खिळ्यांनी ठोकलेलं तिला दिसणार. माहेरचं दार कायमचं बंद!

त्यांनी बबनरावांचं उपरणं ओढून परातीवर पसरलं. मैलभरात ते वाऱ्यानं उडून बाभळीला जाऊन अडकलं. काढून आणलं, पुन्हा पसरलं, पुन्हा उडालं. तिसऱ्यांदा बबनराव काटे टोचलेलं बोट चोखत परत आले, तेव्हा समोरून गुरांचा एक कळप रस्ता अडवून सावकाश येत होता.

केशरबाईंनी गुरांकडे पाहिलं. मग गुरांच्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"आश्रुबा, ओढ्याचं पानी आन."

"आगं, तात्याबानं सांगितलंय न्हवं..."

"येक अक्षर बोलू नका!"

शालूचा पदर खोचून, दात-ओठ खात, त्यांनी भर रस्त्यात मोटार सारवली. परात, मोर, मुक्ताबाई, सगळं हिरव्या सारवणाखाली गेलं. त्या कळपाचा गुराखी काठीवर हनुवटी टेकून बघत होता. "बाई, हितंच मुक्काम हाय का?" त्यानं विचारलं. केशरबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो गुरांच्या पुढे निघून गेला.

लिंबागणेशला मोटार दारात थांबली. मुक्ताबाई भाकरतुकडा घेऊन पुढे आली, ओवाळता ओवाळता वाकली आणि आत बघतच राहिली.

"बया! मोटारीला बी सारवन!" मुक्ताबाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडी जळजळही. "किती मेलं नीटनेटकं! आमची बी आलीया की परवाच, नवीकोरी. ती बघा, लिंबाखाली. तुमच्यापेक्षा हातभर लांब हाय. पर ह्ये काय आमाला सुचलं न्हाई, वन्सं. कसं करता?"

लिंबाखाली निळीशार मोटार चमकत होती. केशरबाईंच्या कपाळाची शीर पुन्हा उडाली. आठ महिने जपलेला निखारा, फाटलेलं लुगडं, शेणात बुडवलेला शालू, आणि वर ही हातभर लांब! बबनरावांनी घाईघाईनं खोकून काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्यांच्या पायावर केशरबाईंनी जोडवं घातलेला पाय जोरानं ठेवला.

आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या.

"लई सोपं हाय, वैनी. आदी आतलं रबर काढून टाका. मंग दर सुक्करवारी सारवायचं. आन् हात राखून न्हाई बरं का, थर चांगला जाड बसू द्या."