पाचवीच्या खोलीला दार

चैत्री अमावास्येला दिवस कलायच्या आत पाचवीच्या खोलीच्या चारही भिंती पुऱ्या झाल्या, आणि राधाकृष्ण गुरुजी आत राहिले.

आत ते कोपरे बघत होते. हातात ओळंबा, तोंडात "थोडं डावीकडे, थोडं डावीकडे." बाहेर गूळ वाटायला घेतला तेव्हा कुणीतरी हाक मारली, "गुरुजी, या की भाईर!"

"येतो," आतून आवाज आला. "पण कुठून?"

मग सगळ्या गावाने खोलीला एक फेरी मारली. दार नव्हतं.

सरकारी शाळा गावात चौथीपर्यंतच होती. पाचवी हवी तर चार भिंती गावाने श्रमदानाने उभ्या करायच्या, पत्रे आणि मास्तर पंचायत समिती देणार, असा करार ठरला होता. अमावास्येला औत धरत नाहीत, म्हणून काम दर अमावास्येलाच. वरची आळी, खालची आळी, मळा आणि ओढ्याकडची वस्ती, चौघांना एकेक भिंत वाटून दिली. पण दार घ्यायला कुणी तयार होईना. दाराच्या भिंतीला दगड कमी लागतो. कमी दगड म्हणजे कमी मेहनत, आणि कमी मेहनत म्हणजे पुढची दहा वर्षं पारावर टोमणे. शेवटी गुरुजींनी तोड काढली होती, "ज्याची भिंत मागे राहील, त्याच्या भिंतीत दार." शिकलेल्या माणसाला वाटतं, आपण लोकांना पळवतो. लोक पळाले आणि चौघेही एकाच वेळी पोहोचले.

गुरुजींना दोन शिड्या लावून बाहेर काढलं. बाहेर येताच ते खालीच बसले. "परवा शिक्षण खात्याचे साहेब येतायत. खोली पसंत पडली तर जूनपासून पाचवी. नाहीतर पत्रे आणि मास्तर शेजारच्या गावाला जाणार. आता कुणीतरी भिंत फोडा."

"आमच्या भितीला हात लावायचा न्हाई," खालच्या आळीची गोजरबाई म्हणाली. हिची जीभ म्हणजे विळा, पण धार फक्त दुसऱ्यासाठी.

"बांधल्याली भित फोडू? आन् तीबी अमुशाला?" मळ्यातले आप्पासाहेब म्हणाले.

ओढ्याकडचा छगन आपल्या भिंतीला पाठ लावून बसला, जणू ती कुणी उचलूनच नेणार होतं.

वरच्या आळीची केशरबाई आपल्या भिंतीकडे बघत राहिली. ती चारही भिंतींत सगळ्यांत सरळ होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते दिसतच होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे नात होती, चांगुणा. पोरगी चौथी पास झाली होती, वर्गात पहिली. पुढची शाळा पारनेरला, चार कोसांवर. बापाने, म्हणजे केशरबाईच्या मच्छिंद्राने, सांगून टाकलं होतं, "गावात पाचवी झाली तर शिकंल. न्हाई तर शेरडं हायतच." केशरबाई स्वतः दोन वर्षं शाळेत गेली होती. अक्षरं जुळवून वाचता यायचं, पण एक ओळ संपेपर्यंत दूध उतू जायचं. नातीचं दूध उतू जाऊ नये एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच गोजरबाईच्या अंगणात उभी राहिली.

"गोजरे, साहेब नारळ कुठं फोडनार, ठावं हाय का? दारात. उंबऱ्यावर. ज्याचं दार त्याचा मान."

"मग फोडा की तुमची भित. मान घ्या."

"माझी सरळ आली गं. फोडाय जीव व्हईना."

"आन् आमची काय वाकडी हाय?"

"मी कुठं म्हनलं? तूच म्हनतीस."

गोजरबाईने उंबऱ्यावर पाणी ओतलं, म्हणजे पाहुणीने जावं. केशरबाई तिथून मळ्यात गेली, मळ्यातून ओढ्याला गेली. नारळाचं तेच, मानाचं तेच. आप्पासाहेब म्हणाले, "आमास्नी नगं असला हलका मान." छगन म्हणाला, "बघू." चप्पल झिजवून केशरबाई घरी आली. चांगुणा पाटी पुसत बसली होती. पाटीवर काहीच नव्हतं, तरी पुसत होती. केशरबाईने मच्छिंद्राला हाक मारली.

"पहार काढ. उद्या तांबडं फुटायला आपली भित फोडायची."

"आये, लोक हसतील."

"हसू दे. हसनाऱ्याचे दात दिसत्यात, आपले न्हाई."

तांबडं फुटलं तेव्हा मायलेक भिंतीवर होते. वरून एकेक दगड उतरवायचा, मातीतले सांधे ओले होते म्हणून काम भराभर चाललं. आत काहीतरी ठक ठक होत होतं. "आवाज घुमतोय," मच्छिंद्र म्हणाला. घुमणारा आवाज कधी कधी त्यांच्या आधीच यायचा, याचं त्याला नवल वाटलं नाही. मच्छिंद्राला नवल असं कधी वाटतच नसे.

केशरबाई कमरेइतक्या भगदाडातून आत डोकावली. समोरच्या भिंतीतून गोजरबाई डोकावत होती. डावीकडून आप्पासाहेबांचा पटका, उजवीकडून छगनची टोपी. चार भोकं, चार तोंडं.

"मान हलका हुता म्हनं," केशरबाई आप्पासाहेबांना म्हणाली.

"उचलून बघत हुतो," आप्पासाहेब म्हणाले.

आता माघार कोण घेणार? चौघांनी चार दारं जमिनीपर्यंत पुरी केली. गुरुजी आले, त्यांनी एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

दहाच्या सुमाराला जीप आली. साहेब खोलीभोवती फिरले, एका दाराने आत गेले, दुसऱ्याने बाहेर आले, तिसऱ्याने परत आत गेले. "गुरुजी, ही शाळा आहे की चौक?"

"साहेब, हवा चांगली खेळते," गुरुजी म्हणाले.

"हवेला शिकवायचंय का? फळा कुठे लावणार?"

चारही भिंतींच्या मधोमध दार. दोन्ही अंगांना उरलेल्या भिंतीत फळा तर सोडाच, पंचांगही नीट टांगता आलं नसतं. साहेबांनी कागदावर पेन टेकवलं. "फळ्याला जागा नाही तर वर्ग नाही. मी जेवून निघणार. तोवर एक दार बुजवा, नाहीतर मी लिहितो ते लिहितो."

"खालची आळी बुजवंल," छगन म्हणाला.

"छगन, तुझं दार बघ, शेरडूबी लाजंल आत जायला. तूच बुजव!" गोजरबाई कडाडली.

"नारळ फुटंस्तवर कुनी दगडाला हात लावायचा न्हाई," आप्पासाहेबांनी निकाल दिला.

साहेब गुरुजींकडे जेवायला गेले. पिठलं-भाकरी संपायला कितीसा वेळ लागतो? आणि तासाभरात दगडाची भिंत चढत नाही, चढली तरी ओली भिंत फळा धरत नाही. केशरबाई तरातरा घरी आली. तिने घराच्या दाराकडे बघितलं. सागवानी, एकफळी, सासऱ्याने करून घेतलेलं.

"मच्छिंद्रा, हे उतर."

"आये! घराला दार नगं का?"

"चोरन्याजोगं घरात तू एकलाच हायस. तुला कोन न्हेतंय?"

दार डोक्यावर घेऊन मायलेक गावातून निघाले. मागे चांगुणा, तिच्या ओच्यात धोत्र्याचा पाला आणि बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा. केशरबाईने दार आपल्या आळीच्या भगदाडात उभं केलं, मच्छिंद्राने चारी बाजूंनी पाचरी ठोकून ते पक्कं केलं. कोळसा कुटून पाल्याच्या रसात कालवला आणि केशरबाईने स्वतःच्या हाताने आपलं सागवानी दार काळं केलं. हात कोपरापर्यंत काळे झाले.

गोजरबाईला राहवेना. "केशरबाय, कशापायी एवढा आटापिटा? तुमचं दार तर कायमचं मिटलं. नारळ गेला की हातचा."

"जाऊ दे. पोरं दिसभर तोंड कुनाच्या दाराकडं करून बसत्यात, त्ये बघ. तुझ्या दाराला पाठ लावून बसनार ती."

तेवढ्यात साहेब ढेकर देत आले. काळ्या दाराकडे बघून त्यांनी खडू मागितला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, इयत्ता पाचवी. केशरबाईने अक्षरं जुळवली. या वेळी तिला फार वेळ लागला नाही. मग साहेबांनी नारळ हातात घेतला. उरलेल्या तीन दारांत तीन माणसं पैलवानासारखी ठाकली होती. साहेब नोकरीत मुरलेले होते. त्यांनी नारळ फळ्याच्या पायाशी फोडला.

पत्रे आले, मास्तर आले, जूनमध्ये पाचवी भरली. चांगुणा पहिल्या रांगेत बसली. केशरबाईच्या घराला गोणपाटाचा पडदा होता आणि कुत्री पाहुण्यासारखी येत-जात होती.

आठ दिवसांनी मळ्याने आपलं दार फळी ठोकून बंद केलं आणि काळं केलं. "येका फळ्यावर पाचवी मावत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. चार दिवसांनी ओढ्याकडचं दार काळं झालं. छगनने कारणही सांगितलं नाही. मग एका सकाळी गोजरबाई फळी आणि कोळशाची बादली घेऊन आली. गुरुजी उरलेल्या दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"बाई, पाया पडतो. मग पोरांनी यायचं कुठून?"

"त्ये तुमी बघा. सगळ्यांच्या दाराला पोरांची तोंडं, आन् आमच्या दारानं काय नुसत्या पाठी बघायच्या?"

गुरुजींनी केशरबाईला बोलावणं धाडलं. ती आली, पदर खोचला, आणि बादलीकडे बघितलंही नाही.

"गोजरे, येडी का काय तू? इथनं पाचवी पास हून जे पोरगं भाईर पडंल, त्ये कुनाच्या दारातनं पडंल?"

गोजरबाईने विचार केला. बादली हळूच खाली ठेवली.

"माझ्या."

"मग?"

"आन् नापास झालं तर?"

"तर त्येबी तुझ्याच," केशरबाई म्हणाली आणि घराकडे निघाली.