पस्तिशीच्या आतली पलटण

“माझ्या पलटणीत एकही म्हातारा दिसणार नाही!” असं म्हणून थॅडियस क्रुल यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि पलटणीचा पहिला हल्ला त्यांच्याच कॉफीनं दिग्दर्शकाच्या पँटवर चढवला.

क्रुल हे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. घोडदळाच्या सिनेमात चूक राहू नये म्हणून कंपनीनं त्यांना युटाच्या वाळवंटात, सॉल्ट फोर्क गावी आणलं होतं. वर्ष एकोणीसशे एकावन्न. पडद्यावरचे शिपाई बघितले की त्यांचं पित्त खवळायचं. पोट सुटलेले, कल्ले पिकलेले, घोड्यावर चढताना “आई गं” करणारे!

“अठराशे शहात्तर साली नवा शिपाई पस्तिशीच्या आतलाच घ्यायचे!” ते गरजले. “आणि तुम्ही ही आजोबांची सहल काढलीय!”

समोर गावातले चाळीस बाप्ये निळे गणवेश चढवून उभे होते. त्यातला सगळ्यात कोवळा ऑर्विल, तो त्रेपन्न वर्षांचा.

“सर, घोडा कुठं वय विचारतो?” तो म्हणाला.

“घोडा नसेल विचारत, मी विचारतो!”

दिग्दर्शक मॅकेना पँट पुसत म्हणाला, “मग तुम्हीच आणा तरणी पोरं. गाडी घ्या, ऑर्विलला घ्या, पण मला सोडा!”

गाडी काळी. क्रुल यांचा सूट काळा, हॅट काळी, चेहरा जन्मजात सुतकी. शेजारी ऑर्विल, गणवेशातच.

“सर, गावातल्या पोरांचं म्हणाल तर, एक सांगायचं होतं…”

“रस्त्यावर लक्ष दे!”

ऑर्विलनं रस्त्यावर लक्ष दिलं. गावातली बहुतेक पोरं कोरियात लढत होती, हे सांगायचं राहून गेलं.

पहिलं घर लिओना हॅचचं. बाई विधवा, एकुलता एक मुलगा, तोही कोरियात. तिनं दार उघडलं. क्रुल यांनी रीतीप्रमाणे हॅट काढून छातीशी धरली, आवाज हळू केला.

“बाई, तुमच्या मुलाबद्दल जरा बोलायचं होतं.”

लिओनानं हातातली हॅट बघितली. मागचा निळा गणवेश बघितला. आणि दाराला धरून ती खाली बसत गेली, दोरी कापलेल्या पडद्यासारखी.

“ऊन लागलं वाटतं!” क्रुल म्हणाले. “पाणी आण!”

ऑर्विल पाणी आणेपर्यंत कुंपणापलीकडच्या शेजारणीनं फोन उचलला होता. त्या गावात एका तारेवर दहा घरं. एकीनं सांगायचं आणि नऊ जणींनी श्वास रोखून ऐकायचं! लिओना डोळे उघडायच्या आत तिचा डेलबर्ट गावभर मेला होता. शेजारणी धावत आल्या, त्यांनी तिला आत नेलं आणि क्रुल यांच्या तोंडावर दार लागलं.

पुढच्या घरी पडदे धडाधड ओढले गेले. “आमचं नव्हे! चुकीचं घर आहे! पुढं जा!” आतून बाई किंचाळली. त्याच्या पुढच्या घरी बापानं कुत्रा सोडला. दार उघडलं नाही तर बातमी आत येत नाही, अशी त्या दिवशी सगळ्या गावाची समजूत होती.

“कमालीचं लाजाळू गाव!” क्रुल म्हणाले.

“सर, गाव तुम्हाला भ्यालंय,” ऑर्विल म्हणाला. पण कुत्रा पुन्हा भुंकला आणि क्रुल गाडीत शिरले.

दुपारी रिकाम्या हातानं परतताना लिओनाच्या ओसरीवर ही गर्दी! बायका चीज घालून भाजलेल्या बटाट्यांची भांडी घेऊन आल्या होत्या. त्या मुलखात मयताच्या घरी हेच नेतात. कुणीतरी क्रुल यांच्या हातातही ताटली दिली. सकाळपासून पोटात कण नव्हता. तिसऱ्या घासाला त्यांनी मोकळेपणानं विचारलं,

“वा! वाढदिवस कुणाचा?”

 गावच्या चर्चच्या बिशपांनी ताटलीतून वर बघितलं.

“डेलबर्टची बातमी तुम्हीच आणलीत ना?”

“कोण डेलबर्ट? मला सिनेमासाठी तरणे शिपाई हवेत!”

गर्दीतून लिओना पुढं आली. “म्हणजे… माझा पोरगा जिवंत आहे?”

“मला काय ठाऊक, बाई! मी सिनेमावाला!”

बाईनं हातातला डाव त्यांच्या खांद्यावर हाणला. मग पुन्हा हाणला. मग ओसरीच्या पायरीवर बसून पदर नसलेल्या त्या बाईनं ओंजळीत तोंड झाकलं. कुणाला कळेना, ही हसते का रडते.

“तुम्ही शिपायांची वयं तपासता?” तिनं थोड्या वेळानं विचारलं.

“हो.”

“माझा सोळाचा आहे. अठरा सांगून गेला. भरतीच्या हापिसात जाऊन घसा फोडला मी. म्हणाले, सगळ्या आया असंच सांगतात.” तिनं मान वर केली. “खोट्या लढाईला वय बघणारा माणूस ठेवलाय. खऱ्या लढाईला नव्हता ठेवता येत?”

तीस वर्षं वर्गावर शिकवलेल्या माणसानं ताटली खाली ठेवली आणि डेलबर्टची जन्मतारीख लिहून घेतली. 

त्यानंतर ते हॉटेलच्या फोनला जळवेसारखे चिकटले. लष्करातला एक साहेब दुसऱ्याकडे ढकलायचा, दुसरा जेवायला गेलेला असायचा. घसा बसला तेव्हा ते बोलायचे आणि ऑर्विल तेच मोठ्यानं ओरडायचा. इकडे ते चाळीस बाप्ये घोड्यांवर चढले, क्रुल हरकत न घेता डोंगराकडे बघत राहिले.

वसंतात काही दृश्यं पुन्हा घ्यायला कंपनी परतली, तेव्हा डेलबर्ट घरी आला होता. वय सिद्ध झालं, लष्करानं परत पाठवलं. डाव्या हाताची दोन बोटं मात्र तिकडच्या थंडीनं ठेवून घेतली होती. आई आता कंपनीच्या भटारखान्यात रांधायची, तो बाहेरच्या कुंपणावर बसायचा. गाडीचं दार आपटलं तरी दचकायचा.

मॅकेनाच्या नजरेला तो पडलाच. “हाच! हाच चेहरा! हाताला मोजा चढवा की झालं. प्राध्यापक, घ्या तुमचा तरुण!”

डेलबर्ट कुंपणावरून उतरला. क्रुल मधे येऊन उभे राहिले.

“अठराशे शहात्तरचा नियम,” ते म्हणाले. “एकविसाच्या आतला असेल, तर आईबापाची परवानगी लागते.”

सगळे लिओनाकडे वळले. ती चुलीशी घेवडा ढवळत होती.

“नाही,” ती म्हणाली आणि ढवळत राहिली.

मॅकेनानं एक उसासा सोडला आणि ऑर्विलला घोड्यावर चढवायला दोन माणसं बोलावली.