मयूर डिलक्सचं कुंकू

चिंतामणी दिघ्यांचं लायसन्स तीस तारखेला संपत होतं, आणि पुढच्या फॉर्मवर आपण सही करणार नाही, असं घरच्या डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं. वय ब्याऐंशी. त्याबद्दल चिंतामणींची तक्रार नव्हती. तीस तारखेच्या आत एकदा, फक्त एकदा, बायकोला शेजारी बसवून हँगिंग गार्डनचा चढ गाडीने चढायचा, एवढंच त्यांना हवं होतं. मग ते लायसन्स सरकारने न्यावं नाहीतर रद्दीवाल्याने.

या चढाला इतिहास होता. १९७४ च्या डिसेंबरात, लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, चिंतामणी आपली नवी कोरी मयूर डिलक्स घेऊन निघाले. शेजारी नलू, मागे सासरे. केम्प्स कॉर्नर सोडून गाडी चढाला लागली, अर्ध्यात धापा टाकू लागली, थांबली, आणि मग सावकाश, सगळ्या कुटुंबासकट, उलटी निघाली. सासरे सचिवालयात हेडक्लार्क. त्यांनी धोतर खोचून चाकामागे दगड लावले, हात झटकले आणि निकाल दिला, "जावईबापूंना गाडी येत नाही." हेडक्लार्कचा शेरा तो, पुन्हा कुणी खोडला नाही. नलूकाकूंच्या माहेरच्या प्रत्येक लग्नामुंजीत तो किस्सा जिलबीबरोबर वाढला गेला, आणि चिंतामणींनी प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर हसून घेतलं. पन्नास वर्षं त्यांनी पूल टाळले. दादर पश्चिमेचा हा माणूस पूर्वेला बहिणीकडे भाऊबीजेला टॅक्सीने जाई, कारण मध्ये टिळक पूल होता. नलूकाकू त्यांच्या गाडीत बसत, पण सपाटीवरच, आणि दाराची कडी घट्ट धरून.

तेव्हा इंजिन उघडून पुन्हा ठाकठीक करून घ्यायचं ठरलं. इथे चिंतामणींनी एकच चूक केली. त्यांनी ते मुलाला सांगितलं.

हेरंब औषधांच्या कंपनीत क्वालिटी विभागात होता. गोळ्यांच्या पट्टीवरची शाई फिकी आहे म्हणून त्याने एकदा अख्खा ट्रक परत पाठवला होता, आणि हे तो लोकांना आपणहून सांगे. गाडीविषयी वाचता वाचता त्याला 'मूळ मयूर मंडळ' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप सापडला. सभासद एकशे चाळीस, त्यांच्याकडे गाड्या एकतीस, त्यांतल्या चालू दोन, आणि त्यांच्या मालकांकडे मंडळात जरा संशयानेच बघत. गाडी चालवली की झिजते, झिजली की भाग बदलावे लागतात, आणि भाग बदलले की ती मूळ राहत नाही, असं मंडळाचं साधं शास्त्र होतं. मंडळ गाडी तपासून शंभरपैकी गुण देई. नव्वदच्या वर गेलं की पितळेची पट्टी मिळे. झालं, हेरंबला पट्टी हवीशी झाली.

कॉटन ग्रीनला गोदामांच्या रांगेत दौलतचं गॅरेज होतं. त्याने इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "काका, टेन्शन नको घेऊ. आठ दिवसांत उडवतो गाडी." त्या दिवशी एक तारीख होती. हेरंबने त्याला बाजूला घेऊन चौदा मुद्द्यांची यादी दिली. नवा भाग वापरायचा नाही. वापरावाच लागला तर त्याच सालचा हवा. त्याच सालचा मिळाला नाही तर जो मिळेल तो त्या सालचा दिसला पाहिजे. कारखान्यात जिथे रंग ओघळला होता तिथे तो पुन्हा तसाच ओघळला पाहिजे. दौलतने यादी दोनदा वाचली आणि गाडी चालली पाहिजे हे यात कुठे लिहिलंय, असं विचारलं. ते लिहायचं राहिलं होतं.

पहिला आठवडा नटबोल्टांत गेला. मिळालेले नट चकचकीत होते. ते पन्नास वर्षांचे दिसावेत म्हणून हेरंबने कुणाला न सांगता ते नलूकाकूंच्या कोकमाच्या आगळात बुडवून ठेवले. नट फार छान गंजले. त्या रविवारी सोलकढीला लोखंडाची चव आली, आणि रक्त वाढेल म्हणून चिंतामणींनी दुसरी वाटी मागून घेतली.

दुसऱ्या आठवड्यात इंजिन उघडलं. दौलतने तिसऱ्या सिलिंडरमधून बोट फिरवलं, माप लावलं आणि चिंतामणींना जवळ बोलावलं. हे भोकच तिरकं आहे, तो म्हणाला, झिजून झालेलं नाही, जन्मापासूनचं आहे. आत स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, बसवून सरळ करून आणतो, मग बघा चढाला कशी ओढते. चिंतामणी बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले आणि "कर" म्हणाले. हेरंब "थांब" म्हणाला. कारखान्याने तिरकं पाडलं असेल तर तिरकं हेच मूळ. सरळ केलं की सहा गुण गेले.

बापलेकांचा हा वाद चालला असताना दौलतने आपला हात रिकामा नको म्हणून इंजिनाच्या बाजूची काजळी रॉकेलने पुसायला घेतली. खालून लाल रंग निघाला. एकमेकींना छेदून गेलेल्या दोन रेघा, टोकं फिसकटलेली. "स्वस्तिक आहे भाऊ," असं म्हणून दौलतने नमस्कार केला. तोवर अर्धं स्वस्तिक फडक्यावर आलं होतं.

हेरंबने फोटो ग्रुपवर टाकला, आणि तासाभरात मंडळाचे अध्यक्ष अवधूत टॅक्सी करून हजर झाले. खिशात लोहचुंबक, गळ्यात भिंग, आणि बोलणं असं की समोरच्याने वहीत उतरवून घ्यावं. त्यांची स्वतःची मयूर अकरा वर्षं खोळीत होती. त्यांनी भिंगातून पाहिलं, आरसी बुक मागवलं, त्यावरचा ऑक्टोबर महिना पाहिला, आणि त्यांचा आवाजच बदलला. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होत असणार. त्या दिवशी जी इंजिनं तयार झाली त्यांच्यावर कामगारांनी कुंकवाची स्वस्तिकं काढली असणार. आजवर हा नुसता तर्क होता.

"दिघे, हे कारखान्याचं मूळ कुंकू आहे," अवधूत म्हणाले. "आणि तुमच्या माणसाने ते रॉकेलने पुसलं."

दौलतने मुकाट्याने फडकं पुढे केलं. अवधूतांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर तारीख टाकली.

तिथून पुढे इंजिन बाजूला राहिलं आणि कुंकवाचं राज्य सुरू झालं. इंजिनाला कुणी हात लावू नये, असा मंडळाचा ठराव आला. अवधूतांनी चार पानी लेख लिहिला. अर्धं कुंकू आहे तसं जपावं असं एका गटाचं म्हणणं, पूर्ण करावं असं दुसऱ्याचं. कुंकू ओलं होतं की कोरडं, यावरून तिघांनी ग्रुप सोडला आणि जेवणानंतर परत आले. शेवटी तडजोड निघाली. स्वस्तिक पूर्ण करावं, पण ज्या कामगाराने ते काढलं त्याच्याच हाताने. तोवर वीस तारीख उजाडली होती. चिंतामणींनी कॅलेंडर भिंतीवरून काढून हेरंबच्या ताटाशेजारी ठेवलं.

"बाबा, पन्नास वर्षं थांबलात ना," हेरंब म्हणाला, "मग आणखी चार दिवसांनी काय बिघडतंय?"

चिंतामणींनी पोळी अर्धी टाकली आणि हात धुतले. पोरगं पन्नाशीला आलं की त्याच्या पाठीत धपाटा घालता येत नाही, ही फार गैरसोयीची गोष्ट आहे.

कामगार सापडला तो भोईवाड्यात. शामराव, वय चौऱ्याऐंशी, कारखान्याच्या इंजिन खात्यात तीस वर्षं. एकोणतीस तारखेला सकाळी सगळे गॅरेजात जमले. नलूकाकूंनी तबकात हळदकुंकू आणि नारळ आणला होता. अवधूतांनी मोबाइल स्टँडवर लावून चित्रीकरण सुरू केलं. चिंतामणी एका जुन्या टायरवर जाऊन बसले होते. कारखान्याचा माणूस सापडल्याचं कळल्यापासून त्यांचा चेहरा उतरला होता, पण लायसन्सचं दुःख असेल म्हणून कुणी विचारलं नाही.

शामरावांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, नखाने खरवडलं.

"ह्ये कुंकू नाय," ते म्हणाले. "मार्किंगचा रंग हाय. माझाच."

"म्हणजे स्वस्तिक तुम्हीच काढलंत," अवधूत म्हणाले.

"स्वस्तिक कसला? फुली ती. मी इन्स्पेक्शनला व्हतो. लाल फुली म्हणजे इंजिन नापास. तिसरा भोक बघा, तिरका असणार."

दौलतने हळूच हेरंबकडे बघितलं. अवधूतांनी पुढे होऊन चित्रीकरण बंद केलं.

नापास होतं तर बाहेर कसं पडलं, असं नलूकाकूंनी विचारलं. शामरावांना त्यात नवल वाटलं नाही. त्या काळी गाडीचा नंबर लागायला आठ-आठ वर्षं लागत. असलं इंजिन बसलेली गाडी अडून राहिली की वरचे साहेब ती एखाद्या घाईवाल्याला रांगेबाहेर देऊन टाकत. फक्त त्याच्याकडून लिहून घेत, की इंजिन नापास आहे हे मला माहीत आहे, चढावर ओढणार नाही हेही माहीत आहे, पुढे तक्रार करणार नाही. खाली सही.

सगळ्यांच्या माना एकेक करून टायरकडे वळल्या.

"अहो, तुम्ही सही केली होतीत?" नलूकाकूंनी विचारलं.

"केली होती."

"माहीत असून?"

चिंतामणींनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. नलूला बघायला हिंदू कॉलनीतला कुणी मुलगा येणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्याच्याकडे स्वतःची गाडी होती. चिंतामणींकडे तेव्हा छत्री होती. आठ वर्षं थांबण्यात अर्थ नव्हता.

"मग त्या रविवारी बाबांना सांगायचंत ना, इंजिनात दोष आहे म्हणून," नलूकाकू म्हणाल्या. "पन्नास वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलंत. माझंसुद्धा."

"सांगितलं असतं तर नापास गाडी दाखवून मुलगी नेली, म्हणाले असते. त्यापेक्षा म्हटलं, ड्रायव्हर नापास झालेला बरा."

नलूकाकूंना एकाच वेळी रडू आलं आणि संतापही आला. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ते भोक ताबडतोब सरळ करून आण, असं दौलतला सांगितलं. त्यासरशी अवधूत भानावर आले. नापास ठरल्याची खात्रीशीर साक्ष असलेलं हे देशातलं एकमेव मयूर इंजिन असावं, दोष हाच त्याचा दागिना, शंभरपैकी एकशे दहा गुण देता येतात का ते मंडळाच्या घटनेत पाहावं लागेल, असं ते म्हणू लागले. हेरंबचे डोळे चमकले. नलूकाकूंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि क्वालिटी विभागाने माघार घेतली.

पण दौलतने खरं ते सांगितलं. स्लीव्हचं काम खेतवाडीतल्या लेथवाल्याकडे, त्याला दोन दिवस, मग जोडणीला आठवडा. म्हणजे तीस तारीख गेलीच. चिंतामणी टायरवरून उठले आणि नलूकाकूंना "राहू दे आता, तुला कळलं ना, पुष्कळ झालं," असं म्हणाले. पुष्कळ झालं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"लायसन्स गाडीच्या नावावर आहे की तुमच्या?" नलूकाकूंनी विचारलं.

"माझ्या."

"मग कुठलीही गाडी चालेल."

इंजिन खेतवाडीला न्यायला दौलतची सामानाची जुनी व्हॅन दारातच उभी होती. दौलतने किल्ली काकांच्या हातावर ठेवली आणि तो बाइकवरून पुढे गेला. इंजिन दोरीने बांधून मागे चढवलं. ते हलू नये म्हणून हेरंब आणि अवधूत त्याला दोन बाजूंनी मिठी मारून बसले. शामराव नारळ घेऊन घरी गेले.

खेतवाडीचं वळण सोडून व्हॅन सरळ पुढे गेली, आणि केम्प्स कॉर्नर मागे पडला. चढ सुरू झाला. बरोबर निम्म्यावर पुढे एक बस थांबली, तिच्यामागे टॅक्सी थांबली आणि टॅक्सीमागे चिंतामणी. नलूकाकूंचा हात सवयीने कडीकडे गेला. चिंतामणींनी हँडब्रेक ओढला, वाट पाहिली, क्लच अलगद वर घेतला आणि व्हॅन बोटभरही मागे न येता पुढे निघाली. वर पोहोचेपर्यंत नलूकाकूंचा हात मांडीवर आला होता. नापास इंजिनानेही तो चढ अखेर पार केला, सामान म्हणून का होईना.

वर गाडी लावून चिंतामणी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मागे अवधूत हेरंबला मयूरच्या कार्ब्युरेटरविषयी सांगत होते. हे ते कॉटन ग्रीनपासून सांगत होते.

"तुम्हाला गाडी येते," नलूकाकू म्हणाल्या.

चिंतामणींनी विचारलं, "खरं सांग. मी गाडी आणली नसती तर त्या हिंदू कॉलनीवाल्याला हो म्हणाली असतीस?"

"तो तर येऊन गेला होता. तुमची गाडी यायच्या महिनाभर आधी."

"मग?"

"मीच नाही म्हणून कळवलं. दोन तास बसला, आणि दोन्ही तास गाडीबद्दलच बोलत होता."

चढावर क्लच नेमका कधी सोडायचा, ते चिंतामणी तिला समजावून सांगणार होते. ते त्यांनी गिळलं, आणि उतरून तिच्या बाजूचं दार उघडायला गेले.